उभ्या वाऱ्याची नोंद

पुण्याच्या आयआयटीएमचे, म्हणजे भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे, नाव वर्षातून दोनदा हमखास वर्तमानपत्रात येते. उन्हाळ्यात मान्सूनच्या अंदाजाची चर्चा सुरू झाली की एकदा, आणि दिवाळीनंतर दिल्लीची हवा बिघडली की दुसऱ्यांदा. पहिल्या बातमीत ढग असतात, दुसरीत धूर. या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे वाचणाऱ्याच्या मनात येत नाही. संस्थेच्या कामाकडे जरा मागे जाऊन पाहिले, तर दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न निघतो : जमिनीलगतची हवा वर कशी चढते, कुठपर्यंत चढते आणि चढताना बरोबर काय काय नेते?

मान्सूनचा अंदाज, महासंगणक, संचालकांच्या कारकिर्दी हे विषय संस्थेवरच्या स्मरणिकेत येतातच. मी हा एकच धागा धरतो, कारण त्याची नोंद कमी झाली आहे. आपल्याकडे वारा म्हटले की तो नैर्ऋत्येकडून येतो की ईशान्येकडून, एवढेच विचारले जाते. तो वर चालला आहे की खाली, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते संस्थेचे सर्वांत टिकाऊ काम या न विचारलेल्या प्रश्नाभोवती झाले आहे.

आडवा वारा मोजणे त्या मानाने सोपे. फुगा सोडायचा, तो वाहत कुठे जातो ते पाहायचे, वेग मिळतो. जुलैत अरबी समुद्रावरून येणारा वारा दीड किलोमीटर उंचीवर सेकंदाला पंधरा-वीस मीटर धावतो. त्याच हवेची वर चढण्याची सरासरी गती सेकंदाला काही सेंटिमीटर भरते. फुगा स्वतःच सेकंदाला पाच मीटर चढत असताना त्याला ही बारीक गती कुठून कळणार? गडगडाटी ढगाच्या पोटात ती एकदम दहा-वीस मीटरवर जाते, आणि ढगांच्याही वर, सोळा-सतरा किलोमीटरच्या पुढे, ती मिलिमीटरच्या अंशावर उतरते. जमिनीवरून निघालेल्या धुराच्या कणाला एकाच प्रवासात या सगळ्या गती भेटतात. त्या मोजायला एक उपकरण पुरत नाही, एक पिढीही पुरत नाही.

सिमला ऑफिसातला पाया

पुण्यात या प्रश्नाची सुरुवात संस्थेच्या जन्माआधीची आहे. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरमधल्या त्याच्या दगडी इमारतीमुळे चौकाला पडलेले ‘सिमला ऑफिस’ हे नाव मुख्यालय दिल्लीला गेल्यावरही पुसले गेले नाही. के. आर. रामनाथन १९२५ मध्ये खात्यात आले होते. सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली तयार झालेला हा भौतिकशास्त्रज्ञ आग्र्याहून सोडलेल्या फुग्यांचे आकडे घेऊन बसला. त्या काळी फुग्यातून रेडिओ संदेश येत नसे. फुगा फुटून उपकरण कुठल्या तरी शेतात पडले, ते कोणाला सापडले आणि त्याने ते परत पाठवले, तरच आकडे हाती लागत. उत्तर हिंदुस्थानातल्या अनोळखी शेतकऱ्यांच्या प्रामाणिकपणावर उभी असलेली ही आकडेवारी होती.

त्यातून रामनाथन यांनी काढलेला निष्कर्ष १९२९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्या काळच्या फुग्यांच्या टप्प्यातल्या वातावरणातली सर्वांत थंड हवा ध्रुवांवर नसून विषुववृत्तावर, सुमारे सतरा किलोमीटर उंचीवर आहे, असे त्यांनी दाखवले. तापमान शून्याखाली ऐंशी अंशांहून अधिक. त्याखालचा थर म्हणजे तपांबर, त्यात हवा ढवळली जाते. वरचा थर म्हणजे स्थितांबर, त्यात ती थरांवर थर रचल्यासारखी स्थिर असते. मधली सीमा ती तपस्तब्धी. खालची हवा या थंड सीमेतून वर जायची तर तिच्यातली वाफ वाटेतच गोठून गळते. पुढे ऐंशी-नव्वद वर्षांनी प्रदूषकांच्या वरच्या प्रवासाचा जो अभ्यास झाला, त्याचा नकाशा इथे आखला गेला.

दुसरे टोक अगदी जमिनीलगतचे. एल. ए. रामदास यांनी १९३२ च्या सुमारास पुण्यात निरभ्र, निवांत रात्री जमिनीपासून वीतभर, हातभर उंचीवरची तापमाने घेतली. सर्वांत थंड जागा जमिनीवर न सापडता तिच्यावर काही सेंटिमीटरवर सापडली. पाठ्यपुस्तकाला हे मान्य नव्हते. बाहेरच्या अनेकांनी मोजमापातच चूक असणार असे म्हटले, आणि या ‘रामदास थरा’ची समाधानकारक उपपत्ती यायला १९९० चे दशक उजाडले, ती रोद्दम नरसिंहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरुत मांडली. हिवाळ्याच्या रात्री शेकोटीचा धूर वर का जात नाही, या प्रश्नाची गाठ याच थंड, न ढवळणाऱ्या थराशी आहे.

याच आवारात एस. पी. वेंकटेश्वरन यांनी पंख्याच्या तत्त्वावर चालणारा देशी रेडिओसोंड बनवला आणि परत येणाऱ्या उपकरणाची वाट पाहण्याचे दिवस संपले. त्यांच्या विभागात १९४८ मध्ये आलेल्या अ‍ॅना मणी यांनी पुढे भारतीय ओझोनसोंड घडवला. ओझोन हा उंचीवरच्या हवेचा साक्षीदार आहे. स्थितांबरातली हवा खाली उतरली की तो वाढतो, जमिनीवरची हवा ढगातून वर गेली की कमी होतो. म्हणून फुग्यातून ओझोन मोजणे म्हणजे हवेची चढउतार वाचणे. पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये मान्सूनच्या माथ्यावरून, चौदा ते सोळा किलोमीटर उंचीवरून, आफ्रिकेकडे धावणारा पूर्वेचा वेगवान झोत दाखवून दिला तो अशाच उंच फुग्यांच्या जोरावर.

रामदुर्ग हाउस

या पार्श्वभूमीवर १७ नोव्हेंबर १९६२ रोजी संस्था सुरू झाली. स्वतंत्र नव्हे, हवामान खात्याचाच भाग म्हणून, संयुक्त राष्ट्रांच्या विशेष निधीच्या मदतीने, गणेशखिंड रस्त्यावरच्या रामदुर्ग हाउसमध्ये. पहिले संचालक पी. आर. पिशारोटी. पुढे ते इस्रोकडे गेले आणि केरळातल्या नारळाच्या रोगट झाडांची आकाशातून छायाचित्रे घेऊन भारतातल्या दूरसंवेदनाचे जनक ठरले; त्यामुळे त्यांच्या पुण्याच्या वर्षांकडे जरा दुर्लक्ष होते.

त्या वर्षांत त्यांनी एक वाद अंगावर घेतला. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या आकड्यांवरून त्यांनी मांडले की पश्चिम किनाऱ्यावर येणारी मान्सूनची वाफ विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या वाफेपेक्षा कितीतरी अधिक आहे. म्हणजे बाकीची अरबी समुद्राच्या पृष्ठावरूनच वर उठत असली पाहिजे. काही वर्षांनी याच संस्थेतल्या के. आर. साहा आणि एस. एन. बावडेकर यांनी अधिक आकडे घेऊन उलट सांगितले : मोठा वाटा विषुववृत्तापलीकडचाच. संस्थेच्या पहिल्या संचालकाचा निष्कर्ष संस्थेतल्याच माणसांनी खोडून काढला, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटल्याची नोंद नाही. वर्धापनदिनाच्या भाषणांतून हा प्रसंग सांगितला जात नाही. मला मात्र संस्थेच्या वयात आल्याचे तेच पहिले लक्षण वाटते.

१ एप्रिल १९७१ रोजी संस्था स्वायत्त झाली, नावाला ‘भारतीय’ जोडले गेले. पुढे पाषाणला स्वतःचे आवार झाले. नागरी विमान वाहतूक, मग विज्ञान-तंत्रज्ञान, आणि २००६ पासून भूविज्ञान अशी मंत्रालये बदलली. कागदपत्रांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे, आपल्या धाग्याच्या दृष्टीने नाही.

ढगात शिरणे

धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे नाव भ. व. रमणमूर्ती यांचे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत पर्जन्यभौतिकीचे काम करून ते इथे आले आणि त्यांनी ढगांचा अभ्यास जमिनीवरून उचलून ढगात नेला. १९७३ पासून १९८६ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, अकरा पावसाळे बारामती परिसरात विमानातून ढगांत मिठाची पूड फवारण्यात आली. मीठ दमट होऊन गोळे होऊ नये म्हणून त्यात संगजिऱ्याची पूड मिसळलेली असे. बहात्तरच्या दुष्काळाची आठवण ताजी होती, त्यामुळे लोकांना त्यात पाऊस दिसत होता. शास्त्रज्ञांना मात्र आणखी काही हवे होते. डाकोटा विमान ढगात शिरले की जे हिसके बसत, तेच उभ्या वाऱ्याचे पहिले प्रत्यक्ष वाचन. ढगाचे तापमान, त्यातले पाण्याचे प्रमाण, विद्युतभार यांच्या नोंदी त्या उड्डाणांत होत गेल्या.

या प्रयोगाचा अंतिम हिशेब २००० मध्ये प्रसिद्ध झाला : पावसात सरासरी २४ टक्के वाढ. आकडा मोठा आहे आणि वर्षागणिक चढउतारही मोठे होते. संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो उतरला, तरी कृत्रिम पावसाच्या राजकीय मागणीला तो पुरावा म्हणून जितक्या सहज वापरला गेला तितका सहज वापरण्यासारखा नव्हता, हे म्हटले पाहिजे. रमणमूर्तींच्या कामाचे खरे मोल ढगांत शिरण्याची सवय लावण्यात आहे.

ढगाखालच्या हवेचे काम १९८० च्या दशकात सुरू झाले. पाषाणच्या आवारात पी. सी. एस. देवरा आणि सहकाऱ्यांनी आर्गॉन लेसरचा लायडार उभा केला आणि १९८६ च्या ऑक्टोबरपासून रात्री आकाशात प्रकाशाचा झोत सोडून परत येणारा उजेड मोजायला सुरुवात केली. किती उंचीवर किती धूलिकण आहेत हे त्यावरून कळते. पुण्यावरच्या रात्रीच्या हवेत कण एका उंचीपर्यंत साठलेले असतात आणि मग एकदम विरळ होतात. ही मिसळण्याची उंची हिवाळ्यात खाली येते, उन्हाळ्यात वर जाते. या उंचीला वाऱ्याच्या वेगाने गुणले की शहराची हवा किती धुतली जाते याचा अंदाज येतो. आज दिल्लीच्या प्रदूषणाच्या बातमीत जी ‘मिक्सिंग हाइट’ वाचायला मिळते, ती पुण्यात लेसरने रात्रीमागून रात्री मोजली जात होती, आणि तेव्हा तिला बातमीमूल्य शून्य होते.

दिवसाच्या संक्षोभासाठी, म्हणजे हवेतले भोवरे मोजण्यासाठी, मनोरे लागले. १९९० च्या पावसाळ्यात ‘मॉन्टब्लेक्स’ नावाची मोहीम झाली : मान्सूनच्या आसाखाली जोधपूर, दिल्ली, वाराणसी आणि खरगपूर येथे तीस मीटरचे मनोरे, आणि त्यांवर एक, दोन, चार, आठ, पंधरा, तीस मीटर अशा उंचींवर उपकरणे. डी. आर. सिक्का तेव्हा संस्थेचे संचालक होते आणि या मोहिमेमागच्या मंडळींत ते प्रमुख होते. जोधपूरच्या कोरड्या तापलेल्या जमिनीवरून हवेचे भोवरे एका रीतीने उठतात, खरगपूरच्या ओल्या भाताच्या प्रदेशात दुसऱ्या. गणिती प्रारूपांत तोवर परदेशी गवताळ माळांवर बसवलेली सूत्रे वापरली जात. मंद वाऱ्याच्या आपल्या हवेत ती नीट बसत नाहीत हे या मनोऱ्यांनी दाखवले. १९९७ मध्ये गुजरातेत आणंद परिसरात पाच ठिकाणी असाच प्रयोग झाला, त्याचे सूत्रसंचालन पुण्यातून.

तीस मीटरच्या वरचे काय? तिथे रेडार आले. तिरुपतीजवळ गडंकी येथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक प्रचंड रेडार उभारला गेला : एक हजार चोवीस अँटेनांचा, ढग नसलेल्या हवेतल्या भोवऱ्यांवरूनही प्रतिध्वनी मिळवणारा. तो संस्थेचा नव्हे, पण देशातल्या सगळ्या हवामानशास्त्रज्ञांसाठी खुला होता. कोटेश्वरम यांच्या पूर्वेकडच्या झोताच्या वरखाली वाऱ्याचा वेग झपाट्याने बदलतो आणि तिथे हवा लाटांसारखी वळून फुटते, हे त्यातून दिसू लागले. पाषाणला हवामान खात्याचा ४०४ मेगाहर्ट्झचा वाऱ्याचा रेडार बसला, तो मुंबईच्या ‘समीर’ या संस्थेने बनवलेला. वळवाचा ढग डोक्यावर असताना हवा किती वेगाने वर चालली आहे, हे आता विमानात न बसता पुण्यातच वाचता येऊ लागले.

२००९ मध्ये ‘काइपीक्स’ मोहिमेने रमणमूर्तींचा धागा पुन्हा उचलला. पठाणकोटपासून बंगळूरुपर्यंत विमाने फिरली, आणि नंतर सोलापूर हे केंद्र झाले. सोलापूरच्या प्रयोगातून २०२३ मध्ये पावसात सुमारे १८ टक्के वाढ जाहीर झाली तेव्हा बातम्यांचा भर तेवढ्यावर राहिला. माझ्या दृष्टीने मोहिमेचे महत्त्वाचे फळ आधीच, २०१२ मध्ये, महेन कोंवर आणि सहकाऱ्यांच्या निबंधात आले होते. ढगाच्या तळाशी जितके अधिक थेंब, तितकी अधिक उंची त्या ढगाला पाऊस सुरू करण्यासाठी चढावी लागते. प्रदूषित हवेत कण पुष्कळ, म्हणून थेंब पुष्कळ आणि बारीक. ते एकमेकांत मिसळून जड होईपर्यंत ढग वर-वर जात राहतो. पाऊस म्हणजे हवेचे धुणे. ते लांबले की न धुतलेला माल आणखी वर पोहोचतो. २०१२ मध्येच महाबळेश्वरला सुमारे १,३८० मीटरवर मेघभौतिकीची प्रयोगशाळा सुरू झाली. तिथे पावसाळ्यात ढगात शिरण्यासाठी विमान लागत नाही. खिडकी उघडली की ढग आत येतो. वाईजवळ मांढरदेवला बसवलेले रेडार त्याच ढगांचे पुढचे चढणे पाहतात.

तपस्तब्धीवरचे धुके

आता या इतिहासातल्या सर्वांत वरच्या मजल्याकडे. उपग्रहांमुळे २००० नंतर एक गोष्ट लक्षात येत गेली. पावसाळ्यात तिबेट आणि इराणवर, तेरा ते अठरा किलोमीटर उंचीवर, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा एक अवाढव्य भोवरा असतो. त्याला प्रत्यावर्त म्हणतात. त्याच्या आत कार्बन मोनॉक्साइड भोवतालपेक्षा जास्त भरते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या रँडेल आणि सहकाऱ्यांनी जैवइंधनाच्या आणि वणव्यांच्या धुरातून येणाऱ्या हायड्रोजन सायनाइडच्या मागाने दाखवले की ही हवा याच भोवऱ्यातून स्थितांबरात शिरते. २०११ मध्ये व्हर्निए आणि सहकाऱ्यांनी ‘कॅलिप्सो’ उपग्रहाच्या लेसर नोंदींत त्याच उंचीवर सूक्ष्मकणांचा पातळ थर शोधला. पूर्व भूमध्य समुद्रापासून पश्चिम चीनपर्यंत पसरलेला, जूनमध्ये उगवणारा, सप्टेंबरनंतर विरणारा. त्याला आशियाई तपस्तब्धी एरोसोल थर म्हणतात.

हा थर आपल्या डोक्यावरचा, आपल्याच पावसाळ्यातला, आणि बऱ्याच अंशी आपल्याच चुली, वीटभट्ट्या, गाड्या आणि शेतांतून उठलेला. पण सापडला तो परदेशी उपग्रहाला. पाषाणला याचे उत्तर गणिताने दिले गेले. सुवर्णा फडणवीस आणि सहकाऱ्यांनी जागतिक रसायन-हवामान प्रारूप चालवून २०१३ मध्ये दाखवले की हे कण मुख्यतः बंगालच्या उपसागरावरच्या आणि हिमालयाच्या दक्षिण उतारावरच्या उंच ढगांतून वर खेचले जातात. गंगेच्या खोऱ्यातली हवा डोंगराला अडते, ढगाच्या शिडीवर चढते आणि थेट भोवऱ्याच्या तोंडी जाते.

प्रवासाची रचना आता बरीच स्पष्ट आहे. ढगातला टप्पा तासाभराचा; तो हवेला चौदा-पंधरा किलोमीटरपर्यंत नेऊन सोडतो. तिथून पुढे ढग फारसे कामी येत नाहीत. हवा भोवऱ्यात गोल फिरत, सूर्याच्या उष्णतेने तापत, आठवड्यांच्या हिशेबाने मुंगीच्या पावलांनी वर सरकते. या दोन टप्प्यांच्या सांध्यावर संक्षोभाचे काम आहे. माथा फोडून तपस्तब्धीपलीकडे झेपावणारे ढग आणि झोताच्या कडेला फुटणाऱ्या लाटा बाहेरची स्वच्छ हवा आत आणि आतली मळकी हवा बाहेर मिसळतात. ढगाने नेमके किती आणि संथ चढाने किती, याचा अंतिम हिशेब अजून चालूच आहे, आणि निबंधांतले सूर एक नाहीत.

गणिताला साक्षीदार हवे होते. २०१४ पासून नासा आणि इस्रो यांनी मिळून फुगे सोडले, त्यांतले काही हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या फुग्यांच्या तळावरून. २०१६ च्या ऑगस्टमध्ये नैनितालला आर्यभट्ट संस्थेच्या टेकडीवरून झुरिचच्या ईटीएच संस्थेने आणि आपल्या संस्थेने मिळून फुगे सोडले. त्यात तीन उपकरणे : ओझोनचे, आरशावर दव जमवून अत्यल्प वाफ मोजणारे, आणि दोन रंगांचे दिवे लावून कणांवरून परतणारा प्रकाश पाहणारे. शेवटचे फक्त रात्री चालते, दिवसाच्या उजेडात ते आंधळे होते. म्हणून भर पावसाळ्यात, मध्यरात्री, डोंगरमाथ्यावर ढगांच्या फटी शोधत हे काम झाले. ढगांनी सूडही घेतला. काही उड्डाणांत गोठणबिंदूखालचे पाण्याचे थेंब उपकरणाच्या नळीत गोठले आणि वर कोरड्या स्थितांबरात गेल्यावर तोच बर्फ हळूहळू वाफ सोडत राहिला. आकड्यांत स्थितांबर ओले दिसू लागले. या फसव्या वाफेचा छडा लावणारा स्वतंत्र निबंध पुढे याच उड्डाणांवरून लिहिला गेला.

२०१७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये युरोपीय ‘स्ट्रॅटोक्लिम’ मोहिमेचे ‘जिओफिझिका’ विमान काठमांडूहून उडाले. सोव्हिएत काळात घडवलेले, वीस किलोमीटरपर्यंत जाणारे. त्याने नेपाळ, भारत आणि बांगलादेशावरच्या आकाशात आठ उड्डाणे केली. या वर्षांत एक अनपेक्षित गोष्ट निघाली. थरातले कण गंधकाचे किंवा काजळीचे असतील अशी बहुतेकांची अटकळ होती. सापडले ते अमोनियम नायट्रेट. २०१९ मध्ये होफ्नर आणि सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केले. हैदराबादच्या फुग्यांनी आणलेल्या गाळण कागदांवरही नायट्रेटच आढळले. अमोनिया पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे पावसाने धुतला न जाता तो ढगातून वर पोहोचेल यावर आधी विश्वास ठेवणे कठीण होते. २०१६ मध्ये होफ्नर यांनीच जुन्या उपग्रहाच्या २००३ च्या नोंदींत बारा ते पंधरा किलोमीटरवर अमोनिया शोधून ठेवला होता. जगात अमोनियाचे सर्वांत मोठे उगम ज्या प्रदेशांत आहेत त्यांत सिंधू-गंगेचे मैदान अग्रभागी आहे : युरिया, शेण, गोठे. म्हणजे पंजाबातल्या भाताला घातलेल्या खताचा काही अंश तिबेटच्या आकाशात, सोळा किलोमीटरवर, बारीक स्फटिक होऊन तरंगतो. प्रदूषण म्हटले की आपण धुराड्याकडे बोट दाखवतो. इथे बोट बांधाकडे वळते, आणि ते कोणाला सोयीचे नाही.

या थराचे परिणाम काय? एका अमेरिकी-चिनी अभ्यासाने २०१७ मध्ये हिशेब मांडला की उत्तर गोलार्धातल्या स्थितांबरातील कणांच्या पृष्ठभागापैकी सुमारे १५ टक्के याच वाटेने येतो. फडणवीस आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले की अल निनोच्या वर्षी हा थर दाट होतो, भारतावर पोहोचणारे ऊन कमी करतो आणि दुष्काळाची तीव्रता वाढवतो. हे प्रारूपाचे उत्तर आहे. ते खरे ठरायला अल निनोच्या अनेक पावसाळ्यांत प्रत्यक्ष मोजमाप हवे. इथेच माझी तक्रार सुरू होते. मोहिमा येतात, एक-दोन पावसाळे फुगे उडतात, निबंध निघतात आणि मोहीम संपते. पुढच्या पावसाळ्यात त्या थराचे काय झाले ते उपग्रहच सांगतो, तोही तो चालू असेपर्यंत. कॅलिप्सोचे काम २०२३ मध्ये थांबले.

खालच्या मजल्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांना माहीत आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी गुफरान बेग यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने दिल्लीत ‘सफर’ ही हवेच्या दर्जाची पूर्वसूचना सुरू केली, मग ती पुणे आणि मुंबईला आली. २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावर धुक्याचा अभ्यास सुरू आहे. दोन्हींत प्रश्न रामदासांचाच : रात्रीची हवा ढवळत का नाही आणि सकाळी ती कधी उठेल. महासंगणक ‘प्रत्युष’ २०१८ मध्ये आणि ‘अर्क’ २०२४ मध्ये आला. अंदाजाच्या प्रारूपाची चौकट बारा किलोमीटरवरून सहा किलोमीटरवर आली. तरी एक गडगडाटी ढग या चौकटीत जेमतेम मावतो, आणि त्याच्या आतले भोवरे अजूनही सूत्राने गृहीत धरावे लागतात. ती सूत्रे बसवायला मनोरे, लायडार, रेडार आणि फुगेच लागतात.

म्हणून या धाग्याचा हिशेब करताना मला असे म्हणावेसे वाटते की संस्थेचे गणित पुढे गेले आहे आणि उंचीवरचे मोजमाप त्याच्या मागे पडले आहे. हवामान खाते पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचला देशभर फुगे सोडते. त्यांतून तापमान, आर्द्रता आणि वारा मिळतो. त्यांतल्या एका केंद्रावरून, पुण्याहून किंवा उत्तरेतल्या एखाद्या ठिकाणाहून, दर पावसाळ्यात ठरावीक अंतराने कण, ओझोन आणि उंचीवरची वाफ मोजणारा फुगा सलग वीस-पंचवीस वर्षे उडत राहिला, तर त्यातून जे कळेल ते कोणत्याही दोन महिन्यांच्या मोहिमेतून कळणार नाही. याला महासंगणकाइतका पैसा लागत नाही. लागते ते दरवर्षी तेच काम कंटाळा न करता करणारे मनुष्यबळ, आणि त्याला बढतीच्या वेळी मान देणारी संस्था.

एक विनंती संस्थेच्या निवृत्त सहकाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना. बारामतीच्या उड्डाणांच्या वह्या, लायडारच्या रात्रींची टिपणे, मनोऱ्यांवरच्या उपकरणांच्या तपासणीचे कागद, जुनी छायाचित्रे यांतले काही घरच्या कपाटांत पडून असण्याची शक्यता आहे. छापील निबंधांत सरासरी येते. कोणत्या दिवशी ढग कसा होता, उपकरणाने कुठे दगा दिला, हे या वह्यांतच असते आणि आजच्या प्रारूपांना जुने आकडे तपासताना तेच लागते. घर आवरताना हे कागद रद्दीत घालू नयेत. ते पाषाणच्या ग्रंथालयाच्या हवाली करावेत, आणि वहीवर आपले नाव व साल आधी लिहून ठेवावे.